आईच्या खोलीचा चुना

कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की तो आधी काहीच करत नाही. नवख्या माणसाला वाटतं, माल खराब निघाला. तो वाकून बघायला जातो, तेवढ्यात हौद खदखदायला लागतो, वाफेचा लोट उठतो आणि बघणाऱ्याच्या भुवया गेल्या तर गेल्या. कसबा पेठेतल्या आमच्या दुकानामागच्या फरसबंद अंगणात असे दोन हौद होते, आणि माझं लहानपण त्या खदखदण्याच्या आवाजात गेलं. पलीकडच्या आळीतून तांबटांच्या हातोड्यांची ठकठक दिवसभर यायची. हौदाचा आवाज मात्र फक्त सकाळी, अण्णा चुना विझवायला घेत तेव्हा. "लांब उभी राहा," ते म्हणायचे. "त्याला कळायला वेळ लागतो." अण्णा म्हणजे माझे वडील. दिवसभरात ते जी दहा-बारा वाक्यं बोलत, त्यातली दोन ही असत.

आमचं दुकान चुन्याचं. गावाबाहेरच्या भट्टीत भाजलेले चुनखडीचे खडे पोत्यांतून यायचे. ते विझवून, मुरवून, गाळून अण्णा विकायचे. घर बांधणाऱ्यांना गिलाव्यासाठी, दसरा-दिवाळीला सफेदीसाठी आणि पानवाल्यांना पानासाठी. आम्ही दुकानाच्या वरच्या तीन खोल्यांत राहत होतो. सगळ्यावर एक पांढरा थर असायचा. जिन्याच्या कठड्यावर, माझ्या वह्यांवर, अण्णांच्या पापण्यांवरसुद्धा. शाळेत मुली म्हणायच्या, "हिच्याकडून पेन्सिल घेऊ नका गं, चुना लावेल." मी हसण्यावारी न्यायचे. घरी येऊन मात्र पेन्सिली ओल्या फडक्याने पुसून ठेवायचे, आणि हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायला कुणी नव्हतंही. भावंड नव्हतं, आणि मैत्रिणींच्या आया त्या वर्षीपासून त्यांना आमच्याकडे पाठवेनाशा झाल्या होत्या.

कारण आई आजारी होती. छातीचं दुखणं. त्या काळी लोक त्याचं नावही घेत नसत, नुसता हात छातीवर ठेवून दाखवत. दवाखान्यातून तिला घरी आणलं ते दसऱ्याच्या आधी, आणि आतल्या खोलीत भिंतीला लागून तिची खाट घातली. मला तिथे जायला बंदी होती. "श्वासातून लागतं," एवढंच सांगितलं होतं. माझी हद्द उंबरठ्यापर्यंत. शाळेतून आले की मी उंबरठ्यावर बसून धडे मोठ्याने वाचायचे आणि ती ऐकायची. पण मी बसले रे बसले की ती कूस बदलून भिंतीकडे तोंड करायची. मला दिसायची ती तिची पाठ, सैल झालेली वेणी आणि चोळीच्या पाठीवरचं एक ठिगळ. मला वाटायचं, तिला माझं तोंड बघायचं नाही. मी दहा वर्षांची होते. आपला श्वास पोरीकडे जाऊ नये म्हणून आई भिंतीकडे वळते, हे दहा वर्षांच्या मुलीला कुणीतरी सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही.

घर चालवायला अण्णांची थोरली बहीण आली होती. तिला मी आत्या म्हणत असे आणि पेठेतले सगळे भीत असत. वाईट नव्हती ती. पहाटे उठून भाकऱ्या थापायची, आईसाठी मऊ भात आणि मुगाचं वरण वेगळं करायची, तिची भांडी वेगळी उकळायची. पण तिच्या तोंडाला लगाम नव्हता. "दामू, बोलायला जकात पडते का रे तुला?" असं ती अण्णांना जेवताना विचारायची. अण्णा मान हलवून भात कालवायचे. त्यांना बोलता येत नसे हे खरंच. त्यांना चुना देता यायचा. दर अवसेला, दुकान बंद असायचं त्या दिवशी, ते आईला उचलून पुढच्या खोलीत आणून निजवायचे आणि आतल्या खोलीला चुन्याचा एक हात द्यायचे. चुन्याने रोगजंतू मरतात म्हणून. निवळ चुना, चिमूटभर नीळ, थोडा डिंक आणि ताडाचा कुंचा. सबंध दिवस ते खोलीत एकटे असत आणि कुंच्याचा सपसप आवाज येत राही. दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंत त्या खोलीला किती हात बसले असतील ते मोजायला हवं असं तेव्हा वाटलं नाही. शेवटी शेवटी भिंत इतकी पांढरी झाली होती की आईचा चेहरा तिच्यापुढे पिवळा दिसायचा. शिवरात्रीनंतर चार दिवसांनी ती गेली. मी शाळेत होते.

त्यानंतरच्या महिन्यांचं मला फारसं आठवत नाही, पण जेवणं आठवतात. तीन पाटांवर तिघं. भाकरी मोडल्याचा आवाज, ताकाच्या वाटीत चमचा आपटल्याचा आवाज. अण्णा अर्धं जेवून उठायचे आणि आत्या म्हणायची, "उपास करून कुणी परत येत नसतं." मग तीही उठायची. भात उरायचा. मी उरलेला भात झाकून ठेवायचे आणि त्या बंद खोलीच्या उंबरठ्यावर जाऊन बसायचे. आता आत जायला बंदी नव्हती. तरी मी उंबरठा ओलांडत नव्हते. आत जाऊन काय करायचं ते मला कळत नव्हतं.

पावसाळ्यात एके दिवशी शाळेत शास्त्राच्या बाईंनी चुन्याची निवळी आणली. काचेच्या नळीत चुन्यावरचं निवळलेलं, स्वच्छ पाणी. त्यांनी मला पुढे बोलावलं, चुनेवाल्याची मुलगी म्हणून, आणि हातात एक पोकळ कागदी काडी दिली. "फुंक." मी फुंकले. दोन-चार श्वासांत पाणी दुधासारखं झालं. मुली हसल्या. बाई म्हणाल्या, "हा हिच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड. चुन्याने तो धरला आणि त्याचा खडू झाला. भिंतीला चुना देतात ना, तोही नुसता वाळत नाही. हवेतला हा वायू ओढत ओढत हळूहळू पुन्हा दगड होतो. थर जाड असेल तर महिनेही लागतात." त्यांनी काचेची नळी टेबलावर ठेवली. तळाशी एक पांढरा गाळ बसत होता. मी त्या गाळाकडे बघत राहिले. पुढच्या तासाला मराठीच्या बाईंनी माझं लक्ष नाही म्हणून बाकावर उभं केलं, तेव्हाही मला तो दिसत होता.

पाच महिने ती भिंतीकडे तोंड करून श्वास सोडत होती, आणि भिंत ओली होती.

रात्री जेवताना मी हे बोलून दाखवलं. म्हणजे आईचं नाव घेतलं नाही, नुसता धडा सांगितला. आत्या म्हणाली, "चुनेवाल्याच्या पोरीला चुना शिकवायला शाळा लागते. फी परत मागा." अण्णांचा हात भातावर थांबला. "आम्ही म्हणतो, चुना पिकतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "श्वासानेसुद्धा?" मी म्हटलं, "हो, श्वासानेसुद्धा. बाईंनी करून दाखवलं." ते ताटावरून उठले. त्या दिवशी आत्या त्यांना काही बोलली नाही.

त्यानंतर मी उंबरठा ओलांडला. खाट काढून टाकली होती, पण ती जिथे होती तिथे जमिनीवर चार पायांच्या खुणा होत्या. मी त्या खुणांच्या मधोमध आडवी व्हायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. गाल लावला की भिंत थंड लागायची आणि गालाला पांढरं लागायचं. मला तेव्हा एकटं वाटत नव्हतं. मी पुढे कितीतरी माणसांत राहिले, तीस-पस्तीस वर्षं वर्गात साठ-साठ मुलं समोर होती, पण तेवढं सोबतीत असल्यासारखं पुन्हा फार वेळा वाटलं नाही.

आत्या त्या खोलीत झोपायला लागली तेव्हा हे संपलं. रोज सकाळी तिच्या लुगड्याची पाठ पांढरी झालेली असायची. "या घरात माणसं राहतात का कबुतरं?" ती म्हणाली. शेजाऱ्यांनी डिस्टेंपरचा तयार रंग लावला होता, तो अंगाला लागत नव्हता, आणि आत्याला तो हवा होता. चुनेवाल्याच्या घरात डिस्टेंपर म्हणजे हलवायाने दुसऱ्याच्या दुकानातून पेढे आणावेत तसं. अण्णांनी पंधरा दिवस टाळलं. मग दसऱ्याच्या आधी एका सकाळी ते हातात पत्र्याची पट्टी घेऊन वर आले. खालचा चुना खरवडल्याशिवाय डिस्टेंपर धरत नाही. मी दारात आडवी उभी राहिले. "अण्णा, नको ना." ते म्हणाले, "आत्याच्या पाठीला लागतं." एवढंच. मी त्या क्षणी त्यांचा जेवढा द्वेष केला तेवढा नंतर कुणाचा केला नाही.

खरवडण्याचा आवाज दात शिवशिवणारा असतो. पोपडे पडत होते, धूळ उडत होती, आणि मी खोकत खोकत पेपरमिंटच्या गोळ्यांचा एक रिकामा पत्र्याचा डबा घेऊन त्यांच्या पायाशी बसले. सगळ्या खोलीचं मला नको होतं. खाटेजवळच्या, उशीच्या उंचीवरच्या भिंतीचं हवं होतं. अण्णा तिथवर आले तेव्हा त्यांचा हात मंदावला. त्यांनी तो तुकडा हळूहळू, मोठमोठ्या पोपड्यांत सोडवला, आणि पडलेला ढीग पायाने माझ्याकडे सरकवला. मला वाटलं, केराचा ढीग म्हणून सरकवला. मी त्यातले चांगले पोपडे वेचले, डबा भरला आणि माझ्या ट्रंकेत परकराखाली ठेवून दिला. संध्याकाळपर्यंत खोली पिस्त्याच्या रंगाची झाली. आत्याने भिंतीला पाठ टेकून बघितली आणि समाधानाने खाली गेली.

दोन महिने तो डबा माझ्याजवळ होता. त्या दोन महिन्यांत मी अभ्यासात पहिली आले, शाळेत कुणी चुन्यावरून चिडवलं तरी मला काही वाटेनासं झालं. झाकण उघडायचं नाही असं मी ठरवलं होतं. नुसतं हलवून, आवाज ऐकून परत ठेवायचं. दिवाळीनंतर बाईंनी पुढचा धडा घेतला. दगड चुनखडीचा आहे का, हे कसं ओळखायचं? त्यावर आम्लाचे दोन थेंब टाकायचे. बुडबुडे आले तर चुनखडी. "कोणे काळी जो वायू आत गेला होता, तोच बाहेर येतो," बाई म्हणाल्या.

लिंबात आम्ल असतं हे मला माहीत होतं, आणि घरात आत्याने लोणच्यासाठी पाटीभर लिंबं आणलेली होती.

दुपार होती. पुण्यात दुपारी एक ते चार देवही उठत नाहीत, आत्या तर घोरत होती. अण्णा खाली दुकानात होते. मी स्वयंपाकघरात एका वाटीत एकच पोपडा ठेवला आणि त्यावर लिंबू पिळलं. तो फसफसला. बारीक बारीक बुडबुडे, कानाशी नेलं तर चुरचुर आवाज. मी वाटीवर तोंड धरलं, डोळे मिटले आणि जोरात श्वास आत ओढला. सव्वा वर्षात मला पहिल्यांदा तिच्या श्वासाजवळ जाता येत होतं, आणि आता कुणी अडवणारं नव्हतं. वास लिंबाचा आला. फक्त लिंबाचा. मला वाटलं, थोडं घेतलं म्हणून कळलं नाही. दुसरा पोपडा टाकला. मग मूठभर. दर वेळी वाटायचं, आता काहीतरी कळेल, गालाला काहीतरी लागेल. लिंबामागून लिंबू कापत होते, बोटांना चिरा पडल्या होत्या आणि त्या झोंबत होत्या, तरी मी थांबले नाही. डबा उपडा करून कोपऱ्यातली भुकटीसुद्धा बोटाने काढून वाटीत टाकली. तीही फसफसली आणि शांत झाली. पाच महिने भिंतीने जे एकेका श्वासाने धरलं होतं, ते मी एका दुपारी घालवलं. वाटीत गढूळ पाणी राहिलं. ते मी मोरीत ओतलं, आणि मग तिथेच मोरीच्या कट्ट्यावर बसून रडले. आई गेली तेव्हा मी रडले नव्हते, कारण तेव्हा माझा काही दोष नव्हता.

आत्याने उठून लिंबाच्या साली बघितल्या. "सरबताला वऱ्हाड आलं होतं का?" तिने माझ्या बोटांकडे बघितलं, आणि का कोण जाणे, पुढचं न बोलता खोबरेल तेल आणून लावलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी बाईंकडे गेले. "बाई, सुटलेला वायू परत धरता येतो?" त्या म्हणाल्या, "येतो की. निवळीत धर." "तोच?" "तोच कसा गं? हवेत मिसळला की तुझा-माझा राहत नाही. झाडं घेतात, समुद्र घेतो. त्या झाडाचं काहीतरी कुणीतरी खातं, मग त्याच्या श्वासातून पुन्हा हवेत. फिरत राहतो." हे मला बरं वाटावं म्हणून त्या सांगत नव्हत्या, त्यांना काही माहीतच नव्हतं. मग मी एक दुसरंच विचारलं, जे मला आधीपासून सतावत होतं. भट्टीत चुनखडी भाजतात तेव्हा तिच्यातला वायू सुटतो, आणि पुढे भिंत तो परत घेते. ठीक. पण भट्टी पेटवायला जो दगडी कोळसा जाळतात, त्याचा धूर कोण परत घेतं? "झाडं, समुद्र," त्या म्हणाल्या. "पुरतील का, बाई?" त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही." शिक्षकाच्या तोंडून ते वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवशीच मी ठरवलं की शास्त्र शिकवायचं.

शनिवार पेठेतल्या एका शाळेत मी निवृत्त होईपर्यंत दर वर्षी फळ्यावर कार्बनचक्र काढलं. सूर्य, झाड, गाय, समुद्र, डोंगर, धुराडं आणि बाण. पुस्तकात सगळे बाण एकाच जाडीचे असतात, त्यामुळे मुलांना वाटतं, जातं तेवढं येतं, मग बिघडलं कुठे? मी दगडाकडे जाणारा बाण केसाएवढा काढायचे. गाडले गेलेले जीव, शिंपले, जंगलं यांचा दगड आणि कोळसा व्हायला किती काळ लागतो ते मुलांना सांगायचे. मग खडू आडवा धरून धुराड्यातून वर जाणारा बाण फासायचे. कोळसा, पेट्रोल, सिमेंटची भट्टी. जे कोट्यवधी वर्षं जमिनीत धरलेलं होतं ते आपण दोन-चार पिढ्यांत सोडतो आहोत, आणि घेणारे आपल्या चालीने घेतात, त्यांना घाई करता येत नाही. उरतो तो वर साठतो. तो उन्हाला आत येऊ देतो, पण तापलेल्या जमिनीची ऊब बाहेर जाऊ देत नाही, गोधडीसारखा. एखादा हुशार मुलगा विचारायचाच, "मग आपण श्वास सोडतो तेही वाईट?" त्याला मी सांगायचे, नाही बाळा. तुझ्या श्वासातला कार्बन परवापर्यंत ज्वारीच्या कणसात होता, तो उसना होता, परत गेला. श्वासाने पृथ्वी तापत नाही. हे सांगताना दर वर्षी मला आत्याचा मऊ भात आठवायचा, आईने कसाबसा अर्धा खाल्लेला, आणि ती भिंत. मी मुलांकडे पाठ करून फळा पुसायला घ्यायचे. मी कडक आहे, असं शाळेत मत होतं.

दुकान केव्हाच बंद झालं होतं. सिमेंट आलं, डबाबंद रंग आले, अण्णा रिकाम्या हौदाच्या काठावर पेपर वाचत बसू लागले. आत्या गेल्यावर मी त्यांना कात्रजला, माझ्या सातव्या मजल्यावरच्या घरी आणलं. मी लग्न केलं नव्हतं. आम्ही दोघंच. पण दोन माणसं एका घरात राहिली म्हणजे सोबत होतेच असं नाही. मी त्यांच्यावरचा राग कधी बोलून दाखवला नाही, आणि माझी चूकही सांगितली नाही. ते त्यांच्या खोलीत, मी माझ्या. जेवताना टीव्हीवर बातम्या लावायचो, म्हणजे बोलावं लागत नसे. पूर्वी कात्रजला उन्हाळ्यातही संध्याकाळी घाटाकडून गार वारा यायचा, चादर लागायची. आता मे महिन्यात संध्याकाळी सात वाजतासुद्धा भिंतीला हात लावला की चटका बसतो. शेवटी मीही एसी घेतला. आयुष्यभर मुलांना गोधडीचं सांगणारी बाई खोली गार करण्यासाठी बाहेर गरम हवा सोडत बसली. वर्गातल्या त्या हुशार मुलाने हे बघितलं असतं तर काय म्हणाला असता कोण जाणे.

अण्णा नव्वदीला टेकले होते. त्या वैशाखात ते अंथरुणावरून उठेनासे झाले. एका दुपारी खिडक्या बंद, पडदे ओढलेले, एसी घरघरत होता. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं, झोपलेत. ते म्हणाले, "सुमन, तो डबा कुठंय?"

"कुठला? औषधांचा?"

"गोळ्यांचा. त्यात आईच्या खोलीचा चुना होता."

मी पलंगाच्या कडेला बसले. "तुम्हाला माहीत होतं?"

"मी खरवडत होतो, तू भरत होतीस. आंधळा होतो का मी?" ते थोडं थांबले. दम लागला होता. "मला ती भिंत बघवत नव्हती. टाकवतही नव्हती. म्हटलं, पोरगी ठेवतेय, ठेवू दे. माझ्यापेक्षा नीट ठेवील. आण तो. एकदा हातात घेतो."

म्हणजे तो ढीग त्यांनी केर म्हणून सरकवला नव्हता. इतकी वर्षं, हौदाच्या काठावर आणि माझ्या घरात, हा माणूस धीराने होता तो माझ्या ट्रंकेतल्या डब्याच्या भरवशावर. खोटं बोलावंसं वाटलं. घरात खडू होते, कुटून डब्यात भरून दिले असते. पण सगळी उमर चुन्यात घातलेल्या माणसाने चिमूट चोळताक्षणी ओळखलं असतं. आणि मला खोटं बोलायचं नव्हतं. एकट्याने वाहिलेल्या गोष्टीचा मला कंटाळा आला होता.

"नाही राहिला, अण्णा," मी म्हटलं. "मी त्यावर लिंबू पिळलं."

त्यांना समजवावं लागलं नाही. "सगळ्यावर?"

"सगळ्यावर."

"का गं?"

"मला तिच्याजवळ जायचं होतं."

मी लहानपणी हौदापासून लांब उभी राहायचे तशी, जरा अंतर ठेवून, वाट बघत बसले. त्यांचे खांदे हलले. रडताहेत की काय म्हणून मी वाकले, तर ते डोळे उघडून समोरच्या भिंतीकडे बघत होते, प्लास्टिक पेंटच्या गुळगुळीत भिंतीकडे. त्यांनी तिच्यावर एकदा तळहात फिरवला.

"म्हणजे ती बाहेर आहे," ते म्हणाले. "मग खिडक्या लावून काय बसलीयस?"

"ऊन आहे, अण्णा. झळ येईल."

"येऊ दे."

मी पडदा सारला आणि खिडकी उघडली. तापलेली हवा तोंडावर आली, धुळीची, घाट चढणाऱ्या गाड्यांच्या धुराची, खालच्या कडुनिंबाची. अण्णांनी हात पुढे केला. मी त्यांना धरून कुशीवर वळवलं. भिंतीकडचं तोंड त्यांनी खिडकीकडे केलं, आणि तोंड उघडून, छाती भरेपर्यंत श्वास घेतला. मी एसी बंद केला आणि त्यांच्याजवळ बसले.